नदीवर पळून जाणारी अक्का

अक्का, सगळे गेले. तुझी बंगळूरची बहीण गेली, दिवसकार्याचे भटजी गेले, भाड्याने आणलेल्या खुर्च्यासुद्धा टेम्पोत चढून गेल्या. खाली तुझ्या घरात आता कोणी नाही. तरी आज सकाळी दूध आल्यावर मी जिन्यावरून वाकून हाक मारली, "अक्का, दूध!" तोंडातून निघून गेल्यावर कळलं. समोरच्या मामींनी दार उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत लावून घेतलं.

या दिवसांत लोक तुझ्याबद्दल बोलत होते ते मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. किती सोसलं हो, देवमाणूस, भावासाठी सगळं आयुष्य वेचलं. मराठीत, तमिळमध्ये, दोन्हींच्या मधल्या तुमच्या तंजावरी बोलीत, सगळीकडून तेच. मला राग येत होता. एकदा तर अगदी ओठांवर आलं, की ही बाई दर रविवारी पळून जायची, तुम्हांला माहीत आहे का? पण तो भाऊ, वासू, समोरच बसला होता, ताटातल्या भाताकडे बघत.

आपली पहिली भेट गच्चीवर झाली होती. आनंदला शोळिंगनल्लूरच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही सांगली सोडून या तमिळ शहरात, वेस्ट मांबलमच्या या इमारतीत आलो होतो. "दोनच वर्षं," तो म्हणाला होता. तो सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो रात्री जेवण थंड झाल्यावर यायचा. सांगलीत मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. या शहरात मराठीच्या शिक्षिकेला कोण विचारणार? भाजीवाल्याशी मी बोटांनी बोलत होते. त्या दिवशी कपडे वाळत घालता घालता आईला फोन लावला आणि रडायला लागले. "मला इथे कोंडून घातल्यासारखं वाटतंय गं," म्हणाले.

दोरीवरच्या चादरीपलीकडून आवाज आला, "कोंडलें म्हणतेस, तर दार बाहेरून लावलें आहे काय गे?"

मी दचकले. मराठी तर होती, पण एखाद्या पोथीतून उठून आलेली. चादर बाजूला करून तू समोर आलीस. मळखाऊ सुती साडी, कानांत कुड्या, कमरेला किल्ली. मी काय बोलले आता आठवत नाही, पण भराभर खूप बोलले, कारण कित्येक दिवसांत आनंदशिवाय कोणाशी मराठी बोललेच नव्हते. तू हात वर करून थांबवलंस. "हळू, हळू. तुझी मराठी धांवते. माझ्या मराठीस बसून बोलायची संवय."

बाहेरून दार लावण्याबद्दल तू का विचारलंस ते मला नंतर कळलं. तुमच्या दाराला बाहेरून कुलूप असायचं आणि आत वासू असायचा. तुझा धाकटा भाऊ. तरुणपणी गिंडीच्या एका कारखान्यात नकाशे काढायचा. मग त्याच्या कानात कोणीतरी बोलायला लागलं, आणि ते बोलणारे सांगतील तसा तो वागायला लागला. एकदा घरातून निघून गेला तो खूप दिवसांनी तिरुचीच्या स्टेशनवर सापडला, पायांची चाळण झालेली. त्यानंतर ते कुलूप आलं. त्याच्यासाठी तू सरकारी कचेरीतली नोकरी मुदतीआधी सोडलीस. लग्नाचा विषय तर कधीच मागे पडला होता. हे सगळं तू मला कॉफी गाळता गाळता सांगितलंस, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. आतल्या खोलीतून वासूचं पुटपुटणं चालू होतं. "भिऊं नको," तू म्हणालीस, "तो तुझ्याशी बोलत नाहीं."

आणि मग एका शनिवारी जिन्यात मला गाठून अगदी हळू म्हणालीस, "उद्यां सकाळीं चल. एक ठिकाण दाखवितें. कोणास सांगूं नको."

रविवारच्या सकाळी वासू गोळी घेऊन उशिरापर्यंत झोपायचा. तेवढाच तुझा वेळ. कुलूप लावून तू निघायचीस. टी. नगरहून बसने बेसंट नगर, तिथून कोळ्यांच्या वस्तीतून, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या कडेकडेने, अड्यार नदीच्या मुखाशी. तिथला तो जुना तुटका पूल मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं होतं. निम्म्या नदीवर जाऊन संपणारा पूल बघायला ही बाई एवढ्या लांब येते? तू चप्पल काढून तुटक्या टोकाशी बसलीस, पाय खाली सोडलेस. पाण्याला वास होता. मी नाकाला पदर लावून काहीतरी बोलत होते, आनंदबद्दल, घरमालकाबद्दल.

"पोदुम," तू म्हणालीस. पुरे. "आतां पाहा."

मी पाहिलं, पण मला आधी काही दिसलं नाही. चिखल, पाणी, पलीकडे झाडी. मग चिखलातला एक तुकडा चालायला लागला. तो मातकट बगळा होता. तू त्याला कोक्कु म्हणायचीस. मग तांबड्या काड्यांसारखे पाय असलेले शेकाटे दिसले, पाण्यावर एका जागी फडफडत राहून दगडासारखा खाली पडणारा काळा-पांढरा खंड्या, चोचीखाली पिशवी लोंबकळणारे पेलिकन. चिखलातल्या भोकांतून बोटाएवढे खेकडे बाहेर येऊन एकच मोठी नांगी हलवत होते, जणू कोणाला तरी बोलावताहेत. एवढं सगळं समोर होतं आणि मला दिसत नव्हतं. मी तुझ्याकडे पाहिलं. अक्का, घरात तुझा चेहरा नेहमी कान दिल्यासारखा असायचा, आतल्या खोलीकडे कान. पुलावर तो तसा नव्हता. तिथे तू नुसती बघत होतीस.

त्या रविवारपासून मीही तुझ्याबरोबर पळायला लागले.

भांडण तेव्हापासूनच सुरू झालं. मी तुला तेव्हा अहोजाहो करत होते. "वासूअण्णांना एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवा," मी म्हणायचे. "तुम्ही असं किती वर्षं करणार?"

"तेथें त्याचें तोंड कोण ओळखील?"

"डॉक्टर असतात, नर्स असतात."

"तोंड म्हणतें मी. रोग नव्हे."

"आणि तुमचं काय?"

"माझें काय? मी येथें येतेंच की."

मला ते पटायचं नाही. तरुण होते, आणि स्वतःच अडकल्यासारखी होते. अडकलेल्या माणसाला दुसऱ्याला सोडवायची फार घाई असते. आनंदची दोन वर्षं केव्हाच उलटली होती. दर वर्षी तो "पुढच्या वर्षी" म्हणायचा आणि दर रविवारी मी माझा सगळा राग तुझ्या कुलपावर काढायचे.

त्सुनामी येऊन गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातला तो दिवस तुला शेवटपर्यंत आठवत होता. पोंगल नुकताच झाला होता. पावसाळ्यात नदी भरपूर वाहिली होती, मुखाशी वाळूचा नवा लांबलचक दांडा तयार झाला होता, आणि त्या दांड्याच्या टोकाशी रोहित पक्षी उतरले होते. फार नव्हते, एक लहानसा थवा. पण तू ते आधी कधी पाहिले नव्हतेस. "जवळून पाहूं," म्हणालीस. मधला पट्टा घोट्याएवढ्या पाण्याचा होता. आपण साड्या खोचून तो ओलांडला आणि दांड्यावरून चालत गेलो. रोहित माना वाकवून, चोची उलट्या करून पाणी चाळत होते. त्यांच्या पंखांखालचा रंग दिसला तेव्हा तू माझा दंड इतका घट्ट धरलास की वळ उठला.

परत वळलो तर मागचा पट्टा नव्हता. भरतीचं पाणी आत शिरलं होतं आणि आपल्या आणि काठाच्या मध्ये नदी जोरात उलटी वाहत होती.

मी घाईने कडेच्या चिखलात पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. तो काढायला गेले तर दुसराही रुतला. मी ओरडले, "अगं अक्का, हात दे!" त्या क्षणी अहोजाहो गेलं ते कायमचं. तू पोटावर आडवी झालीस, माझी दोन्ही मनगटं धरलीस आणि ओढलंस. चप्पल आत राहिली. आपण दोघी वाळूवर पडलो, कमरेपर्यंत काळ्या. माझा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला होता. तुझ्याकडे तर फक्त किल्ली.

"एव्हांना वासू उठला असेल," तू म्हणालीस.

मग तू दोनदा त्या पाण्यात उतरलीस. पोहता तुलाही येत नव्हतं, मलाही नाही. दुसऱ्या वेळी पाणी छातीला लागलं, तुझ्या चपला वाहून गेल्या आणि पाय सुटायला लागले. मी पदर धरून तुला मागे ओढलं. "सोड मला!" तू ओरडलीस. असा तुझा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "दार बंद आहे ना गे, दार बंद आहे!" लांब समुद्रात दोन नावा दिसत होत्या. मी पदर हलवला. कोणी पाहिलं नाही. वर ऊन चढत होतं, खाली वाळू कमी होत होती. शेवटी तू मटकन बसलीस. मी तुझ्या शेजारी बसले. रोहित केव्हाच उडून गेले होते.

खूप वेळाने, बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुला कधी वाटत नाही का, सगळं टाकून पळून जावं?"

"दर रविवारीं पळतेंच की," तू म्हणालीस. "तुम्हां लोकांस मी परत येतें तेवढेंच दिसतें."

तू ओली किल्ली मुठीत धरून बसली होतीस. "मला पळायचें असतें," तू म्हणालीस. "सुटायचें नसतें. तें दोन वेगळें आहे, तुला आज नाहीं कळणार."

खरंच नाही कळलं. आजही पुरतं कळलं आहे असं नाही.

दुपार कलली तेव्हा पाणी उतरलं. चिखलाने माखलेल्या दोन बायकांना घ्यायला रिक्षावाले तयार होईनात. कसंबसं घरी पोहोचलो तर फाटकाशी माणसं जमली होती आणि तुझ्या दाराचा कोयंडा उखडलेला होता. तू माणसं सारत आत घुसलीस. मी तुझ्यामागे धावले. आणि मग जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ते दोघे दिसले, वासू आणि आनंद, शेजारी शेजारी. वासूच्या बोटांना आनंदचा रुमाल बांधलेला. दार ठोठावून ठोठावून त्याने हाताची सालं काढून घेतली होती. आवाज ऐकून आनंद खाली गेला, आतून "अक्का, अक्का" ऐकू आलं, आणि त्याने शेजाऱ्याचा हातोडा आणून कोयंडा फोडला. वासू बाहेर आला आणि कुठेही न जाता पायरीवर बसला. आनंदही बसला. "काय बोलायचं सुचेना," आनंद मला नंतर म्हणाला, "म्हणून मी त्यांना क्रिकेटबद्दल विचारलं. त्यांना जुने सगळे खेळाडू माहीत आहेत गं."

वासूने तुझ्याकडे पाहिलं. "कोठें गेली होतीस?"

खोटं बोलायची सोय नव्हती. नदी तुझ्या अंगावर होती. "नदीवर," तू म्हणालीस.

"दर आठवड्यास जातेस?"

"होय."

"मला कां नाहीं नेलेंस?"

तू वाकून त्याच्या बोटांवरचा रुमाल घट्ट केलास. म्हणालीस, "तूं हरवशील म्हणून."

वासूने तुला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. केसांत चिखल, पायात चप्पल नाही. "हरवलीस तूं," तो म्हणाला.

आधी आनंद हसला. मग जमलेली माणसं. मग तूही, पायरीवर त्याच्या शेजारी बसून, हसता हसता रडायला लागलीस.

पुढच्या रविवारी आपण तिघं निघालो. बसमध्ये वासूने तुझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि तो सारखा पुटपुटत होता; लोक उठून दुसरीकडे बसले. मला लाज वाटली, तुला नाही. पुलाच्या टोकाशी तो उभा राहिला. वारा होता. पुटपुटणं हळूहळू कमी झालं.

"कानांत कोणी बोलत नाहीं काय आतां?" तू विचारलंस.

"बोलतात," तो म्हणाला. "नीट ऐकूं येत नाहीं."

तो बरा झाला नाही. गोळ्या राहिल्या, वाईट आठवडे राहिले, एकदा त्याने बसमध्ये कंडक्टरला ढकललं होतं तेही राहिलं. पण कोयंडा नवा बसवलास तो आतून, आणि किल्ली तू शेजारच्या खिळ्याला अडकवायला लागलीस. एवढाच फरक पडला.

मग नदीकाठच्या एका भागाला कुंपण आलं. गाळ काढला, कचरा उचलला, तिवराची रोपं लावली, तारांचं जाळं घातलं आणि 'संरक्षित' अशी पाटी लागली. आत जायचं तर आधी परवानगी घ्यायची, ठरलेल्या वेळी, गटाने, आखलेल्या वाटेवरून. मी चिडले. तू लगेच आपली तिघांची नावं देऊन आलीस.

"नदीलासुद्धा कुलूप लावलं आता," मी म्हणाले.

"नदीस नव्हे, आपणांस लावलें. बरेंच जालें. त्या दिवशीं आपण दोघी चिखलांत लोळलों, तेव्हां किती खेकड्यांचीं घरें मोडलीं असतील?"

"तुला कुलपांचं भारी कौतुक," मी म्हणाले.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. दुसऱ्या दिवशी दळलेली कॉफी द्यायला वर आलीस तेव्हा दारात थांबून म्हणालीस, "कुलपाचें बोलणें राहिलें आहे. मग बोलूं." ते बोलणं राहिलं ते राहिलंच. मी पुष्कळ मुद्दे काढून ठेवले होते. तूही ठेवले असणार. कुंपणाच्या आतल्या वाटेवर आपण तिघं गेलो, तेव्हा शेकाट्याची मादी वाटेपासून इतक्या जवळ अंड्यांवर बसली होती की तिचा डोळा दिसत होता, आणि ती उठली नाही. गटातली मुलं कुजबुजत होती, कॅमेऱ्यांची टिकटिक चालली होती. सगळ्यांत शांत वासू होता. तेव्हा मला वाटलं होतं की तुझं म्हणणं बरोबर आहे. तोंडाने मात्र मी कबूल केलं नाही. आता करते. अर्धं. दुसऱ्या अर्ध्यावर मी अजून भांडणार आहे, तू नसलीस तरी.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला सांगायची मला कधी गरजच पडली नाही.

तुला धाप लागायला लागली तेव्हापासून मी वाट बघत होते, की एक दिवस तू विचारशील: माझ्यामागें वासूकडे पाहशील काय गे? माझं उत्तर तयार होतं. नाही. मी ते घोटून घोटून मऊ केलं होतं, तुला लागू नये म्हणून. "अक्का, माझं काही सांगता येत नाही, आनंदची बदली कधीही होईल." "अक्का, मी तुझ्यासारखी नाही." जिना उतरताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, बसमध्ये तुझ्या शेजारी बसून मी ते वाक्य मनात म्हणून बघायचे. तुझं बोलणं जरा थांबलं की वाटायचं, आता विचारणार. आणि तू म्हणायचीस, "मोरांबा घेऊन जा," किंवा "त्या कोक्कुचा पाय पाहिलास?" किती वर्षं मी त्या न विचारलेल्या प्रश्नात अडकून होते, तुला कल्पना नाही. कधी कधी वाटायचं, विचारून टाक बाई एकदा, म्हणजे नाही म्हणून मोकळी होईन.

तू विचारलंच नाहीस.

तू गेलीस त्या सकाळी वासू वर आला. दार वाजलं, मी उघडलं, तर तो. हातात पेला-वाटी, त्यात कॉफी. किल्ली खिळ्यावरून काढून, दार उघडून, जिना चढून तो एकटा आला होता. "अक्का उठत नाहीं," म्हणाला. "मीं कॉफी केली. तरी उठत नाहीं." मी त्याच्याआधी खाली धावले. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होतीस. त्याने तुझ्या डोक्याखाली उशी दिली होती.

दिवसकार्य झाल्यावर तुझा भाचा सुधाकर सगळ्यांना घेऊन हॉलमध्ये बसला. चांगला मुलगा आहे, तू म्हणायचीस तसाच. बंगळूरच्या बाहेर एक संस्था आहे, तो दर आठवड्याला जाऊन येऊ शकेल, झाडं आहेत, डॉक्टर आहेत. बहीण रडत होती. सगळे वासूबद्दल तो तिथे नसल्यासारखे बोलत होते. आनंद माझ्याकडे बघत होता, कारण त्याच महिन्यात त्याची पुण्याची बदली मंजूर झाली होती. इतकी वर्षं जिची वाट पाहिली तीच बदली. मी सुधाकरच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हा विचारेल. तोही मला विचारणार नव्हता, पण हे मला उशिरा कळलं. माझी 'नाही' जिभेवर होती आणि तिच्या मागे, मला न विचारता, एक 'हो' येऊन उभी राहिली होती. कोणती आधी बाहेर पडेल, मला माहीत नव्हतं. मला भीती वाटली, अक्का. दोन्हींची.

तेवढ्यात वासू म्हणाला, "तेथें फिरायला सोडतात काय?"

सुधाकर गोंधळला. "सोडतात की मामा. आवार मोठें आहे. मोकळें फिरायचें."

"शरि," वासू म्हणाला. ठीक आहे. आणि उठून आत गेला.

झालं. ज्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो, ते वासूने एका शब्दात मिटवलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

वासूच्या जायच्या आधीच्या रविवारी मी आणि आनंद त्याला नदीवर घेऊन गेलो. हवा कोंदट होती, पक्षी फारसे नव्हते, त्यांचे ते दिवसच नव्हते. पुलाच्या टोकाशी मी रडायला लागले. त्याला तुझ्याबद्दल काहीतरी सांगावं असं वाटत होतं, तुझी बहीण सांगत होती तसलं नाही, खरं काहीतरी. वासूने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "ऊन फार आहे. चल." आणि पुढे चालायला लागला. पदर धरायला मागितला नाही. आनंदच्या पावलांवर पाऊल टाकत गेला, नीट, चिखल टाळून.

आता घरात खोकी आहेत. आनंद पुस्तकं भरतो आहे. भरता भरता थांबतो, विचारतो, "आता तरी निघायचं ना गं?" मी हो म्हणते. खरंच, आता मला कोण अडवतंय? वासू गेला, तू गेलीस, बदलीचा कागद हातात आहे, सांगलीची माणसं वाट बघताहेत. एकही दार बंद नाही. आणि मी मात्र खोलीच्या मध्यावर उभी राहते, हातात एखादं पातेलं घेऊन, आणि ते कोणत्या खोक्यात घालायचं ते सुचत नाही. पळणं आणि सुटणं यातला फरक तू मला समजावून सांगायला हवा होतास. मी सुटले आहे, अक्का, आणि मला हलता येत नाहीये.

म्हणून आज सकाळी त्या दुधाच्या हाकेनंतर मी संस्थेत फोन लावला. बराच वेळ कोणीतरी वासूला बोलवायला गेलं होतं. मागे भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी कन्नडमधलं बोलणं. मग त्याचा श्वास ऐकू आला.

"वासूअण्णा, मी बोलतेय. वरच्या मजल्यावरची."

"होय."

"कसं आहे तिथे?"

"नदी नाहीं."

तो फोन ठेवून देईल असं वाटलं. पण त्याने ठेवला नाही. पलीकडे तो थांबून होता, काहीतरी जुळवत होता, आणि मग एका दमात म्हणाला, "अक्कास सांग, मी जेवलों म्हणून."

मी त्याला तू नाहीस याची आठवण करून दिली नाही. तो ते विसरला असेल असंही मला वाटत नाही. मी म्हटलं, "सांगते."

तो जेवला, अक्का.